दोन बोटं माया

साडेअठ्ठावीस.
मागच्या ईस्टरला सत्तावीस होती त्याची कंबर,
हे रेडिओला माहीत नाही.
रेडिओला माहीत आहेत नऊ लढती, नऊ नॉकआउट,
आणि त्याचं नाव, ओदार्ते,
जे तो निवेदक इतकं ताणतो
की तेवढ्यात माझा एक काठ दुमडून होतो.

बुकोमच्या गल्ल्यांना सध्या कणकण आहे.
न्हावी ओदार्ते-कट मारतो, दोन सेडी जास्त घेतो.
मासे धुरावणाऱ्या बायका
भाव सांगण्याआधी डावा खांदा पाडून दाखवतात.
पोरं एकमेकांना मारत नाहीत हल्ली,
दिवसभर नुसती चुकवतात,
हवेतून अजून न आलेले ठोसे.
त्याला पहिला ग्लोव्ह मीच दिला, असं सांगणारे
सतरा जण भेटलेत मला.
एकट्या डाव्या हाताचेच अकरा.

बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर चित्र आलं त्याचं.
रंगारी हिशेबी माणूस.
आधी तिथं आय्यिते होता.
ग्लोव्हज तेच ठेवले, छाती तीच,
फक्त मानेच्या वरचं बदललं.
रंग महागलाय, म्हणाला.
शिडी धरायला आय्यितेच उभा होता.

त्याचीही चड्डी माझ्याच मशीनवरची.
हिरवी, बाजूंना सोनेरी पट्टी.
तेव्हाही हाच रेडिओ.
आता तो बंदरावर लाद्या मोजतो,
ट्रकमध्ये चढवताना, मोठ्यानं,
आणि कधीकधी नवावर आला की थांबतो,
इकडंतिकडं बघतो,
मग पुढं.

काल मॅनेजर आला, दोन फोन, एक घड्याळ.
लंडन म्हणाला, जसं काही ते मागच्या गल्लीत आहे.
कमरेचा पट्टा चार इंची,
त्यावर बसवायची नावं सहा:
रंगाची कंपनी, लॉटरीवाले, सिमेंट,
एक हॉटेल जे अजून बांधून व्हायचंय,
एक खासदार, एक चर्च.
पोराचं नाव मागं गेलं, माकडहाडाच्या वर,
जिथं फक्त कोपऱ्यात बादली धरणारा बघतो.
आणि घट्ट शीव, म्हणाला,
कॅमेऱ्यात एक सुरकुती नको.

मी मान हलवली.
आतून दोन बोटं माया ठेवली.
सगळ्यांनाच ठेवते. सांगत नाही.
एकोणिसाव्या वर्षी अंग कुठं थांबलेलं असतं?
आय्यितेची माया दोनदा उसवून दिली मी.
तिसऱ्यांदा तो आलाच नाही.

रात्री वीज गेल्यावर ओदार्ते आला, एकटा.
टॉर्च दातांत धरून मी टाचण्या लावत होते.
मिठाच्या पाण्याचा वास येत होता बोटांना त्याच्या,
ती कुठं ठेवावीत कळत नव्हतं त्याला.
मांडीवर ठेवली. काढली.
काखेत दाबली.
बाहेर कुणीतरी त्याच्या नावानं ओरडत गेलं,
तो आत आहे हे न कळता,
आणि हा दचकला,
जसं कुणा दुसऱ्याला हाक मारली.

आंटी, खिसा ठेवशील?

हसू आलं मला, टॉर्च पडला.
अरे, ग्लोव्हजमध्ये हात. खिशात जाणार कसा?
पंच काढायला लावतील.

नंतर, तो म्हणाला.

कशानंतर, ते मी विचारलं नाही.
टॉर्च उचलला, उजेड जमिनीवर धरला,
म्हणजे दोघांनाही बरं.

आज पहाटे दिलंय शिवून.
सहा नावं इस्त्री करून, घट्ट, चमचमीत.
उजव्या शिवणीत खिसा आहे, अस्तराच्या कापडाचा.
तोंड कच्च्या टाक्यानं बंद केलंय,
पंचाला सापडायचं नाही.
दोऱ्याचं एक टोक बाहेर सोडलंय, नखाएवढं.
ओढलं की उघडेल.